टॅलेंट, ताकेदा आणि जालना

ताकेदा ही जपानी औषध कंपनी १७८१ सालची. म्हणजे पानिपतानंतर वीसच वर्षांनी ओसाकात सुरू झालेलं दुकान! या कंपनीने २०१४ मध्ये क्रिस्तोफ वेबर नावाच्या फ्रेंच माणसाला अध्यक्ष केलं आणि पुढच्या वर्षी सीईओ. सव्वादोनशे वर्षांत पहिला बिगर-जपानी. तोवर जपानी रिवाज असा, की कॉलेजातून पोरं उचलायची आणि निवृत्तीपर्यंत सांभाळायची. एका औषधाला दहा-बारा वर्षं लागतात, तेव्हा माणसं टिकलेली बरीच. पण बाजार जगभर पसरला आणि घरची माणसं पुरेनात.

बियाण्याचा धंदा याच जातीचा. वाण तयार व्हायला बरीच वर्षं जातात, तोवर शास्त्रज्ञांचे पगार चालूच. आणि हा धंदा उभा राहिला कुठे, तर आमच्या जालन्यात. (मी जालन्याचा, त्यामुळे थोडं झुकतं माप चालवून घ्या.)

१९६०च्या सुमारास सरकारी संस्था संकरित मका, ज्वारी काढत होत्या. पण ते बी वाढवून शेतकऱ्यापर्यंत नेणार कोण? बद्रीनारायण बारवाले यांनी सुरुवात केली ती दिल्लीच्या पुसा संस्थेच्या 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यापासून. १९६४ मध्ये महिको काढली. स्वतः शास्त्रज्ञ नव्हते, पण शास्त्रज्ञ पदरी ठेवले, स्वतःचं संशोधन उभं केलं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ मध्ये ते गेले.

इथवरची गोष्ट कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात शोभेल. मला मात्र खरी भरती दुसरीकडेच दिसते.

आमच्याकडे 'सीड प्लॉट' म्हणतात ते पाहिलंय कधी? कपाशीच्या किंवा भेंडीच्या फुलात नर-मादी एकत्रच असतात. म्हणून संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरून तिचे पुंकेसर हाताने काढायचे. सकाळी नर ओळीतल्या फुलाचे पराग त्यावर फिरवायचे. याला 'क्रॉसिंग' म्हणतात. एक कळी चुकून राहिली की तिचं बी संकरित नाही, आणि अशा बऱ्याच राहिल्या तर सगळा माल शुद्धतेच्या चाचणीत नापास. म्हणजे शास्त्रज्ञाची सात-आठ वर्षं शेवटी बाईच्या बोटांवर अवलंबून!

हे काम शिकवणारं कॉलेज नाही. कंपनी शेतकऱ्याशी करार करते, शेतकरी मजूर लावतो. त्यामुळे ही बाई कुठल्याच कंपनीच्या पगारपत्रकावर नाही. आणि याच सोयीच्या आडून देशात, विशेषतः आंध्रात, कपाशीच्या प्लॉटवर लहान मुलं राबवली गेली. २००० नंतर त्यावर बराच गदारोळही झाला. कंपन्या म्हणत, ती आमची माणसं नव्हेत. कागदावर ते खरंही होतं.

ताकेदाला बाहेरचा माणूस नेमायला सव्वादोनशे वर्षं लागली, त्याच्या बातम्या झाल्या. क्रॉसिंगवाल्या बाईला हंगाम संपला की दुसरं काम शोधावं लागतं.