चित्ता गेला कसा? बंदुकीच्या आधीची गोष्ट

पुण्याच्या आसपास ठिपकेवाला प्राणी दिसला की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागतो, ‘चित्ता आला!’ असतो तो बिबट्या. सोपी खूण सांगतो. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी वर्तुळं असतात. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत ओघळलेली काळी रेघ. बिबट्या दबा धरून बसतो. चित्ता उघड्या माळावर पळतो, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, तेही जेमतेम काही सेकंद.

मग हा प्राणी आपल्याकडून गेला कसा? ‘राजेमहाराजांनी गोळ्या घालून संपवला’ हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. बंदुकीच्या कितीतरी आधीपासून चित्ता पकडला जात होता.

कारण चित्ता माणसाळतो. त्याला शिकवून काळवीट मारायला सोडायचे. बैलगाडीवर चित्ता, त्याच्या डोळ्यांवर टोपी. शेतातल्या गाड्यांची सवय असल्यामुळे काळवीट गाडीला बिचकत नसत. पुरेसं जवळ गेलं की टोपी काढायची, बस्स.

पण एक मोठी अडचण होती. पिंजऱ्यात चित्त्यांना पिल्लं होत नसत. जहांगीरच्या लिखाणानुसार अकबराने आयुष्यभरात नऊ हजार चित्ते बाळगले. एवढ्या चित्त्यांमध्ये पिल्लं झाल्याची नोंद एकच, तीही जहांगीरच्या काळातली, 1613 ची. त्यानंतरची माहीत असलेली नोंद थेट 1956 ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे दरबारातला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून उचललेला. तोही शक्यतो मोठा झालेला, कारण शिकार करायला आईच शिकवते. रानातला एक पूर्ण वाढलेला चित्ता कमी, दरबारात एक जास्त. हा हिशेब शेकडो वर्षं चालला.

पकडायचं कोण? जंगल वाचता येणारी माणसं. चित्ते ज्या झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, ती झाडं हेरून तिथे फास लावले जात. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या रसेल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात पारधी समाजाची एक शाखा नोंदवली आहे, तिचं नावच ‘चित्तेवाले’. ज्यांच्या कौशल्यावर दरबारांची शिकार चालायची, त्या पारध्यांवर इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारला.

विसाव्या शतकात देशातले चित्ते इतके कमी झाले की संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. त्यात आपलं कोल्हापूर होतं, गुजरातेत भावनगर होतं. 1942 मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात क्रेगहेड या जुळ्या भावांचा भावनगरच्या राजपुत्राच्या शिकारींवर लेख आला. तोपर्यंत कोल्हापूर-भावनगरचे शिकारी चित्ते मुळात आफ्रिकेचे होते! म्हणजे 2022 मध्ये नामिबियाहून कुनोला आठ चित्ते आले, तेव्हा भारताने आफ्रिकेतून पहिल्यांदाच चित्ते आणले असं नाही. पहिल्यांदा आणले ते शिकारीसाठी, या वेळी रानात सोडण्यासाठी, एवढाच फरक. पण तो फार मोठा आहे.

रानातल्या चित्त्यांचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. 1947 मध्ये कोरियाच्या, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या संस्थानाच्या, महाराजांनी एका रात्री तीन नर चित्ते मारले. त्याची बातमी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आली. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदाही देशभरातून गेला. चित्ता गेला, कायदा गेला, पण पारध्यांवरचा संशय गेला नाही. तो आजही त्यांच्या पाठीमागे आहे.

आणि चित्त्याचं घर? ते आपल्या अगदी जवळ आहे. बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारा आहेत. आसपास लांडगे आहेत. खुरटं गवत, उघडा माळ, चित्त्याला लागतं तसं सगळं. पण असे माळ सरकारी कागदांवर बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून चढतात. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायची, प्लॉट पाडायचे, कारखाना आणायचा. कुणाला वाईट वाटत नाही, कारण तिथे ‘काहीच नव्हतं’.

तेव्हा पुढच्या वेळी सुप्याच्या रस्त्याने जाताना ‘काय रखरखीत आहे’ असं तोंडावर आलं, तर जरा थांबा. गाडी बाजूला घ्या आणि गवतात नीट बघा. चिंकारा लांबूनच तुमच्याकडे बघत असेल.