मेणकागदाचे आयुष्य

१/ १९३० ते १९५० च्या दशकांतील व्हॉल्व्हच्या रेडिओंत बहुधा मेण पाजलेल्या कागदाचे कपॅसिटर असत. व्हॉल्व्ह अनेकदा आजही शाबूत सापडतात. कागद मात्र हवेतील ओल शोषून निकामी होतो.

२/ दोन व्हॉल्व्हांमधला कपॅसिटर एकदिश विद्युतदाब अडवतो, ध्वनीचा संकेत तेवढा पुढे सोडतो. तोच गळू लागला, की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब चढतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून माळ्यावर सापडलेला मर्फी थेट विजेला जोडू नये.

३/ मग अस्सलपणाचे काय? काही जाणकार जुने कवच पोकळ करून आत पॉलिएस्टरचा नवा कपॅसिटर बसवतात आणि टोके मेणाने बुजवतात. रूप जुनेच राहते, आवाजही परततो. मात्र हा बदल नोंदवून ठेवला, तरच पुढचा अभ्यासक फसत नाही.