कॅल्कोजनाइड काचपटलांतील प्रकाशजन्य बदल

कॅल्कोजनाइड काचपटलांतील प्रकाशजन्य बदल : गंधक, सिलिनियम व टेल्यूरियम या मूलद्रव्यांना कॅल्कोजन म्हणतात. आर्सेनिक, जर्मेनियम इत्यादींबरोबर त्यांच्या काचा बनतात. अशा काचांची निर्वातात बाष्पीभवनाने बनविलेली पातळ पटले योग्य तरंगलांबीच्या प्रकाशात ठेवल्यास त्यांचा रंग, प्रणमनांक, जाडी व विद्राव्यता बदलते. हा बदल पदार्थाच्या विघटनामुळे होतो की अणूंच्या फेरमांडणीमुळे, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य वाद होय.

हरताळ व मनशीळ ही आर्सेनिकाची सल्फाइडे प्राचीन काळापासून रंगद्रव्ये म्हणून माहीत आहेत. पोथीतील चुकीचा मजकूर हरताळाने झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. मनशीळ उजेडात राहिल्यास तिची पिवळी भुकटी होते. बराच काळ ही भुकटी हरताळच समजली जाई. परंतु तिचे रासायनिक संघटन मनशिळीचेच असून रेणूतील अणूंची मांडणी तेवढी निराळी आहे. १९८० मध्ये तिला पॅरारिअल्गार या स्वतंत्र खनिजाचे स्थान मिळाले. काचपटलांबाबतचा प्रश्नही याच स्वरूपाचा होता.

सिलिनियमाची प्रकाशसंवाहकता विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे झेरोग्राफीत अस्फटिकी सिलिनियमाचे पटल वापरात आले. १९५५ मध्ये लेनिनग्राड (आताचे सेंट पीटर्झबर्ग) येथे न. अ. गोर्यूनोव्हा व ब. त. कोलोमिएट्स यांनी या काचा अर्धसंवाहक असल्याचे दाखविले. आर्सेनिक सल्फाइडाच्या पटलाला लागून असलेला चांदीचा थर प्रकाश पडताच काचेत विरघळतो, हे कॉस्तिशिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये नोंदविले. विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले ते मात्र अमेरिकेत एस. आर. ओव्हशिन्स्की यांनी १९६८ मध्ये या काचांतील उलटसुलट विद्युत् स्विचन जाहीर केल्यावर. विशेष म्हणजे त्यांचे विद्यापीठीय शिक्षण झालेले नव्हते.

बर्कस व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये आर्सेनिकाच्या सल्फाइड व सिलिनाइड पटलांचे काळवंडणे हे प्रकाशाने होणारे विघटन मानले. हवेत उजेडात ठेवलेल्या पटलावर आर्सेनिक ऑक्साइडाचे स्फटिक येतात, त्यामुळे हे मत निराधार नव्हते. परंतु विघटित पदार्थ केवळ तापविल्याने जसाच्या तसा पूर्ववत होणे अवघड. द न्यूफव्हिल, मॉस व ओव्हशिन्स्की यांनी याच दशकात केलेल्या अभ्यासाने गुंता सुटला. बाष्पातून नुकत्याच जमलेल्या पटलात सुटे रेणू असतात; प्रकाशाने वा उष्णतेने ते एकमेकांस जोडले जातात व हा बदल कायमचा असतो. मात्र आधी अनुशीतन केलेल्या (तापवून हळूहळू थंड केलेल्या) पटलात होणारा बदल काच मऊ होऊ लागण्याच्या तापमानाजवळ तापविल्यास नाहीसा होतो व प्रकाशाने पुन्हा घडविता येतो. आर्सेनिक सल्फाइडात या वेळी शोषणसीमा सु. ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्टने तांबड्या बाजूस सरकते आणि जाडी सु. ०.५ टक्का वाढते. एकाच संघटनाची काच अनेक मांडण्यांत टिकू शकते, असा याचा अर्थ होतो.

दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत के. एल. चोप्रा व सहकाऱ्यांना १९७९ मध्ये याच्या उलट प्रकार आढळला : बाष्पाचा झोत तिरपा पाडून बनविलेली जर्मेनियम-सिलिनियमाची पटले प्रकाशात फार मोठ्या प्रमाणात आकसतात. अशा पटलांत स्तंभाकार रचना व त्यांमध्ये पोकळ्या असतात. पटल कसे बनविले यावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसते.

कारणमीमांसा अजून पुरी झालेली नाही. अँडरसन यांची कल्पना, तसेच स्ट्रीट व मॉट (१९७५) आणि कॅस्टनर, अ‍ॅड्लर व फ्रिट्श (१९७६) यांनी मांडलेली विद्युत् भारित दोषांची प्रतिकृती बराच काळ आधारभूत मानली गेली. परंतु घनफळातील बदल समजावण्यास अशा दोषांची संख्या अपुरी पडते. शिमाकावा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ऋण भारित होणाऱ्या थरांचे परस्पर प्रतिसारण व घसरणे हे कारण सुचविले. त्यापूर्वी १९९५ मध्ये हिसाकुनी व तानाका यांनी प्रकाशात ही काच न तापताही प्रवाही होते, असे दाखविले होते.

पुनर्लेखनक्षम प्रकाशीय तबकड्यांत जर्मेनियम-अँटिमनी-टेल्यूरियमाची पटले वापरली गेली. तेथे लेसर मुख्यतः उष्णता पुरवितो व पटल स्फटिकी आणि अस्फटिकी अवस्थांमध्ये बदलते. म्हणून हा उपयोग वर वर्णिलेल्या बदलांहून वेगळा धरणे योग्य.