कर्त्यावाचूनची वाक्ये

बालाघाटाच्या माथ्यावर काय किंवा खाली गंगथडीच्या काळ्या रानात काय, बीड जिल्ह्यातला शेतकरी ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते आहे’ असे म्हणतो, तेव्हा उजाडणारा कोण आणि गडगडणारा कोण, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही आणि ऐकणाऱ्याच्याही येत नाही. क्रियापद एकटेच उभे राहते आणि वाक्य पूर्ण होते. इंग्रजी भाषेला हे चालत नाही. तिच्या वाक्यात क्रियापदापूर्वीची कर्त्याची जागा रिती राहता कामा नये असा दंडक असल्यामुळे, खरा कर्ता नसेल तेथे ती ‘इट’ हे सर्वनाम आणि काही ठिकाणी ‘देअर’ हा शब्द केवळ जागा धरण्यासाठी बसवते. या दोन शब्दांनी आमच्या प्रांतातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना अडवले, आणि त्याचे कारण विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नसून या भागाच्या इतिहासात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हैदराबाद संस्थानात सरकारी दफ्तरातून फारसी उठून १८८४ साली तिच्या जागी उर्दू आली, आणि पुढे १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हेच उच्च शिक्षणाचे माध्यम ठरवून इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा ठेवला. बीड जिल्हा निजामाच्या अंमलाखाली असल्यामुळे तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याच्या वरच्या इयत्तांच्या शाळांतही शिकवण्याची भाषा उर्दूच होती. म्हणजे घरी मराठी बोलणारा मुलगा इंग्रजी शिकावयास बसला की त्याला नाम हे ‘इस्म’, क्रियापद हे ‘फेल’, सर्वनाम हे ‘जमीर’ आणि कर्ता हा ‘फाइल’ म्हणून भेटत असे. याच वेळी सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलुखातील जामखेडचा मुलगा कर्ता, कर्म, क्रियापद या आपल्याच शब्दांनी व्याकरण शिकत होता, आणि त्याच्या हाताशी द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. आष्टी-पाटोद्याहून जामखेड ते किती दूर! पण मधल्या सरहद्दीने एकाच बोलीच्या मुलांना व्याकरणाच्या दोन वेगळ्या परिभाषा दिल्या.

उर्दू परिभाषेत उणे काहीच नव्हते. ती शतकानुशतके घासूनपुसून सिद्ध झालेली, अत्यंत रेखीव परिभाषा आहे. परंतु ज्या शास्त्राची येथे गरज होती ते मराठीपाशी तयार होते आणि तेच वर्गाबाहेर राहिले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यापुढे होता, तरी कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग त्यांनी आपल्या परंपरेतूनच घेतले. या विचाराला मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त फार मोठा विस्तार मिळाला. ‘उजाडले’, ‘मळमळते’ यांसारख्या वाक्यांत क्रियेचा भाव हाच कर्ता मानावयाचा, म्हणून त्या प्रयोगाला भावकर्तरी म्हणावयाचे, हे ज्याला एकदा उमगले त्याला इंग्रजी ‘इट’चे मर्म सांगावयास फारसे श्रम पडत नाहीत: आम्ही जी जागा मोकळी सोडतो, तीच इंग्रज एका अर्थहीन सर्वनामाने भरतो.

तथापि सर्वच ‘इट’ एका जातीचे नाहीत. ‘घाट चढणे कठीण आहे’ या वाक्यात ‘घाट चढणे’ हा आमचा कर्ता आरंभीच बसतो. इंग्रजीत तो लांबलचक कर्ता शेवटी जातो आणि आरंभीच्या जागेवर ‘इट’ येते: ‘इट इज डिफिकल्ट टु क्लाइम्ब द घाट’. तहसीलदार फिरतीवर असता नायबाने कचेरी सांभाळावी, तसे हे ‘इट’; त्याचा धनी मागे वाक्यातच सापडतो. ‘इट इज रेनिंग’ यातल्या ‘इट’ला मात्र धनीच नाही. मराठीत आणि उर्दूत पाऊस किंवा बारिश स्वतःच कर्ता होऊन येते, म्हणून आमचा विद्यार्थी ‘इज रेनिंग’ असे तुटके वाक्य लिहितो किंवा ‘रेन इज रेनिंग’ असे दुहेरी.

‘देअर’चा कायदा आणखी निराळा. बीड शहराजवळ अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना बावडी आहे. ती आहे एवढेच सांगावयाचे तर ‘देअर इज अ वेल निअर बीड’ असे म्हणावे लागते, ‘इट इज अ वेल निअर बीड’ असे म्हटल्यास पूर्वी उल्लेखिलेल्या एखाद्या वस्तूविषयी आपण बोलतो आहो असा अर्थ होतो. शिवाय ‘देअर’नंतरचे क्रियापद पुढील नामाचे वचन पाहते आणि ‘इट’नंतरचे पाहत नाही. जिल्ह्यात दोन नद्या असतील तर ‘देअर आर टू रिव्हर्स’. पण नदी दोन मैलांवर असेल तर ‘इट इज टू माइल्स टु द रिव्हर’, येथे मैल दोन असूनही क्रियापद एकवचनीच राहते. हा भेद पाठ करून टिकत नाही, कारण समजल्यानेच टिकतो.

आणि इंग्रजीही सदैव अशी नव्हती. प्राचीन इंग्रजीत चतुर्थीसारख्या विभक्तीतील शब्द आरंभी घालून कर्त्यावाचून वाक्ये होत असत. शेक्सपिअरच्या नाटकांत आढळणारे ‘मीथिंक्स’ हे त्याच रचनेचा अवशेष असून आमच्या ‘मला वाटते’ याचे ते सख्खे भावंड शोभावे. पुढे विभक्तिप्रत्यय झडले, शब्दक्रमच अर्थाचा आधार झाला, आणि कर्त्याच्या जागेला हे महत्त्व आले.

आता पुन्हा आमच्या प्रांताकडे येऊ. अंबेजोगाईस, जिला निजामाच्या अंमलात मोमिनाबाद म्हणत, योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी विद्यार्थी घडवले, ते मराठी मुलाला त्याच्या स्वभाषेचा आधार मिळावा या निष्ठेनेच. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९५८ मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन झाले, आणि जमीर जाऊन सर्वनाम आले. परिभाषा परत आली. दामल्यांचा विचार मात्र इंग्रजीच्या तासाला अजून आलेला नाही. मराठीच्या तासाला भावकर्तरी प्रयोग आणि इंग्रजीच्या तासाला ‘इट’ अशी एकाच गोष्टीची दोन तुकड्यांत फाळणी चालू आहे. बीड जिल्ह्यातील इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी ‘इट’चा धडा ‘उजाडले’ या शब्दापासून आरंभावा.