शेकडेवारीआड राहिलेला नियम

फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी कथिलाच्या दोन ऑक्साइडांचे पृथक्करण केले होते. एकात शेकडा ८८.१ कथील व ११.९ ऑक्सिजन, दुसऱ्यात ७८.७ व २१.३. संयुगातील घटकांचे प्रमाण ठरलेले असते एवढेच त्यांना दाखवावयाचे होते, आणि ते दिसलेही. परंतु शेकडेवारी प्रत्येक संयुगाला त्याच्या स्वतंत्र शंभरात कोंडते. दोन संयुगांचे परस्परांशी असलेले नाते तीत दिसत नाही. दोन्हीकडे कथील शंभर भाग धरले, की ऑक्सिजन अनुक्रमे १३.५ व २७ भाग निघतो. दुसरा पहिल्याच्या दुप्पट! हाच गुणित प्रमाणांचा नियम. मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांना १८०३ नंतर अशी पूर्णांकी गुणोत्तरे दिसू लागली, याचे कारण माझ्या मते त्यांच्या तराजूत नव्हते (त्यांचे प्रयोग तसे ओबडधोबडच), तर अर्धा अणू जोडला जात नाही या कल्पनेत होते.

त्या अणूच्या नावाचीही अशीच गंमत आहे. डाल्टन यांच्या 'ॲटम'ला मराठीने अणू म्हटले. कन्नडने परमाणू म्हटले, आणि आपण ज्याला रेणू म्हणतो त्याला अणू. बंगळूरच्या राजाजीनगरात कन्नड शाळेत शिकणाऱ्या मराठी घरातील मुलाला रसायनाचे मराठी पुस्तक उघडताना आधी हा एक शब्द पारखून घ्यावा लागतो.