ऑफिसच्या आधीचं कॉलेज

"वेळापत्रकावर कसली गं पीएचडी?" घाटकोपरच्या आमच्या चाळीत हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

माझे मामा विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहायचे आणि फोर्टात कारकुनी करायचे. सत्तरच्या दशकात त्यांनी नोकरी सांभाळून बी.ए. केलं. पहाटे उठून लोकल पकडायची, लेक्चरं करायची आणि तिथूनच चालत ऑफिस गाठायचं. कॉलेज अर्थातच सिद्धार्थ. लहानपणी ही मला निव्वळ मामांच्या जिद्दीची गोष्ट वाटायची. अभ्यासाला बसल्यावर लक्षात आलं, की त्यात घड्याळाचा आणि कॉलेजच्या पत्त्याचाही मोठा वाटा होता.

डॉ. आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ला मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत सिद्धार्थ कॉलेज भरलं. नंतर ते फोर्टातल्या बुद्ध भवन आणि आनंद भवनात गेलं. त्याआधी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, बाबासाहेबांनी पैशाच्या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती मिळू लागली. शिष्यवृत्तीचं मोल त्यांना कुणी सांगायला नको होतं. सयाजीराव गायकवाडांच्या महिना २५ रुपयांवर ते स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले होते.

पण ज्या घरात थोरल्या मुलाच्या पगारावर सहा-सात माणसं जेवतात, तिथं फी माफ झाली तरी त्याला दुपारच्या लेक्चरला बसता येत नाही. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, ते अशा नोकरदार मुलांसाठी. आज ही गोष्ट साधी वाटते. मला मात्र ती शिष्यवृत्तीच्या तोडीची वाटते.

आता पत्त्याकडे या. मुलं राहायची कुर्ला, घाटकोपर, मुलुंडला. मग कॉलेज फोर्टात कशाला? कारण सचिवालय, जीपीओ, रिझर्व्ह बँक, रेल्वेची कार्यालयं सगळी त्याच भागात. ऑफिससाठी काढलेल्या पासावरच कॉलेज व्हायचं, जादा एक आणाही लागायचा नाही. (हे माझं अनुमान आहे. पण मामा म्हणतात, "अनुमान कसलं, तसंच होतं.")

पुढे नोकऱ्या उपनगरांत सरकल्या. १९७३मध्ये अंधेरीला सीप्झ आलं, नंतर वांद्रे-कुर्ला संकुल. कॉलेजंही घराजवळ आली. आज उपनगरांतली कितीतरी डिग्री कॉलेजं सकाळी सातला भरतात, पण बहुतेकदा दुपारी तीच इमारत ज्युनिअर कॉलेजला लागते म्हणून. वेळ जवळपास तीच, कारण मात्र पार वेगळं.

मुंबई विद्यापीठानं १९७१मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, त्यांचा अनेकांना आधार झाला. पण घरी एकट्यानं पुस्तक उघडणं आणि आपल्यासारख्याच पेंगुळलेल्या पन्नास जणांत बसणं यात फरक आहेच.

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा एसवायला आहे. रात्री एकपर्यंत डिलिव्हरी करतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म आम्ही दोघांनी मिळून भरला, ते काम झालं. परवा त्याची हजेरी मोजत बसलो. पंचाहत्तर टक्के हवी, बावन्न भरली. त्यानं विचारलं, "ताई, दुपारची बॅच कुठं असते का?" अजून शोधतेय.