सफरा, सौदा आणि सरतान

उर्दूत कॅन्सरला सरतान म्हणतात, मराठीत कर्करोग. सरतान म्हणजे खेकडा आणि कर्क म्हणजेही खेकडा. वर्गात हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते. मला मात्र अब्बा आठवतात.

अब्बांच्या शौचातून रक्त जायचं. घरात आम्ही सगळे म्हणायचो, पित्त वाढलंय, उष्णता झालीय. लाजेपोटी त्यांनीही डॉक्टरांना सांगितलं नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

नंतर मी पित्ताचा इतिहास वाचू लागलो. युनानी वैद्यकात शरीरातले चार द्रव मानले आहेत: खून, बलगम, सफरा म्हणजे पिवळं पित्त आणि सौदा म्हणजे काळं पित्त. गॅलेनने कॅन्सरचं मूळ सौदामध्ये शोधलं. इब्न सीना यांनीही 'अल-कानून'मध्ये तेच मत मांडलं.

विसाव्या शतकात पित्त प्रयोगशाळेत आलं. पित्ताम्लांवरच्या कामासाठी हाइनरिश वीलांड यांना १९२७ चं नोबेल मिळालं. १९४० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी डीऑक्सिकोलिक आम्ल टोचून उंदरांमध्ये गाठी झाल्याचं नोंदवलं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती चरबी पचवायला मदत करतात. बहुतेक आम्लं लहान आतड्यातून परत शोषली जातात. सुमारे पाच टक्के मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांचं डीऑक्सिकोलिक आम्ल बनवतात. ते वर्षानुवर्षं जास्त राहिलं तर आतड्याच्या पेशींना आणि त्यांच्या डीएनएला इजा करतं.

ताटात चरबी जास्त, तर पित्तही जास्त. २०१५ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या वीस कृष्णवर्णीयांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातल्या वीस जणांनी दोन आठवडे एकमेकांसारखा आहार घेतला. तंतुमय, कमी चरबीचं खाणाऱ्या अमेरिकनांच्या आतड्यातली ही जिवाणूंनी बदललेली आम्लं घटली, आफ्रिकनांची कित्येक पटींनी वाढली.

हे वाचून आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, बघा, आपल्या हकिमांना हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं! नाही, ठाऊक नव्हतं. सौदा नावाचं काळं पित्त शरीरात कुणालाच सापडलेलं नाही. शब्द जुळले म्हणून ज्ञान जुळत नाही. पण इब्न सीनांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: गाठ लहान असतानाच उपाय करा. तेवढं आजही खरं आहे.

म्हणून शौचात रक्त दिसलं तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. लाज बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवा. आम्ही अब्बांना नेलं नाही.